गुडघ्याचे कृत्रिम सांधे

झिजेमुळे, रोगामुळे वा इजेमुळे निकामी झालेल्या जानुसंधीतील (गुडघ्याच्या सांध्यातील) हाडांचे पृष्ठभाग काढून त्यांच्या जागी बसविण्यात येणाऱ्या धातू व प्लॅस्टिक यांच्या घटकसंचाला गुडघ्याचा कृत्रिम सांधा म्हणतात. ‘सांधा बदलणे’ हा रूढ शब्दप्रयोग काहीसा दिशाभूल करणारा आहे. यंत्राचा मोडका भाग काढून नवा बसवावा, तसे येथे होत नाही. ऊर्वस्थीच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या टोकाचा व अंतर्जंघास्थीच्या (नडगीच्या हाडाच्या) वरच्या टोकाचा सु. ८ ते १० मिमी. जाडीचा थर कापला जातो व उरलेल्या हाडावर नवे आवरण चढविले जाते. सभोवतालचे बंध, स्नायू आणि त्वचा ही रुग्णाचीच राहतात व शस्त्रक्रियेचे यशापयश पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते. निरनिराळ्या कृत्रिम सांध्यांच्या रचनांची तुलना करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, कारण या रचनांमधील मुख्य मतभेद नैसर्गिक बंधांपैकी कोणते ठेवावे व कोणते काढावे, यासंबंधीचेच आहेत.

भारतात ही शस्त्रक्रिया बहुतांशी अस्थिसंधिशोथासाठी (वयोमानाने सांध्यातील कूर्चा झिजून होणाऱ्या विकारासाठी) केली जाते. संधिवाताभ संधिशोथ व जुने अस्थिभंग ही इतर कारणे होत. आपल्याकडील रुग्णांत सांध्याची आतली बाजू अधिक झिजते व पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील रुग्ण, विशेषतः शेतावर निंदणी-खुरपणी करण्यात आयुष्य गेलेल्या स्त्रिया, पायांना असा बाक आल्यावर आणि आधाराशिवाय चालणे अशक्य झाल्यावरच सामान्यतः तज्ञाकडे येतात. या विलंबामुळे कोणती रचना योग्य, याचे उत्तरही बदलते.

नैसर्गिक गुडघ्याची हालचाल : गुडघा बिजागरीप्रमाणे केवळ उघडतो व मिटतो, हा समज चुकीचा आहे. ऊर्वस्थीच्या टोकाशी दोन गोलाकार उंचवटे (स्थूलक) असतात आणि ते अंतर्जंघास्थीच्या जवळजवळ सपाट पृष्ठावर टेकतात. त्यांच्यामधील फट दोन अर्धचंद्राकृती कूर्चांनी भरून काढलेली असते. गुडघा वाकताना हे उंचवटे त्या पृष्ठावर एकाच वेळी घसरतात, गडगडतात व किंचित वळतात. बाहेरचा उंचवटा मागे अधिक सरकतो, आतला जवळजवळ जागीच फिरतो. या मागे सरकण्यामुळेच मांडीचा मागील भाग पोटरीला टेकेपर्यंत गुडघा वाकू शकतो. तसे न झाल्यास हाडांच्या मागील कडा एकमेकींवर आपटून हालचाल मध्येच थांबेल. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदणारे पुढचा व मागचा असे दोन स्वस्तिक बंध आणि दोन्ही बाजूंचे पार्श्वबंध या हालचालीला लगाम घालतात.

सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सु. अडीच ते तीन पट भार येतो. जिना उतरताना तो आणखी वाढतो. हालचालीच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. चालण्यास सु. ६० ते ७० अंश, जिना चढण्या-उतरण्यास सु. ९० ते १०० अंश आणि खुर्चीतून उठण्यास त्याहून थोडे अधिक वाकणे पुरते. उकिडवे बसण्यास मात्र ११० अंशांहून अधिक आणि पूर्ण बैठकीस १५० अंशांच्याही पुढे गुडघा वाकावा लागतो. मांडी घालताना वाकण्याबरोबर पिळवटणेही असते. कृत्रिम सांध्यांच्या बहुतेक रचना खुर्चीवर बसणाऱ्या समाजांत जन्मल्या, त्यामुळे हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

इतिहास : थेमिस्टोक्लेस ग्लूक या जर्मन शस्त्रक्रियाविशारदांनी १८९० मध्ये बर्लिन येथे हस्तिदंती बिजागरी गुडघ्यात बसविली. त्यांचे रुग्ण प्रामुख्याने क्षयाने सांधा नष्ट झालेले होते. मूळ जंतुसंसर्ग सांध्यात तसाच राहिल्याने हे प्रयोग फसले. शिरकाव केलेल्या जंतूंच्या सान्निध्यात परका पदार्थ टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला. सांध्याचा क्षय आजही आढळणाऱ्या आपल्या प्रदेशात तो जुना झालेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये वालडियस यांनी १९५१ मध्ये अक्रिलिकची व पुढे धातूची, तर इंग्लंडमध्ये शियर्स यांनी पोलादाची बिजागरी प्रचारात आणली. या सांध्यांमुळे वेदना थांबत, परंतु गुडघ्याचे वळणे बिजागरीला मान्य नसल्याने पिळवटण्याचा सर्व जोर हाडातील खुंट्यांवर जाई व काही वर्षांत सांधा हाडातून सैल होई.

खरी कलाटणी खुब्याच्या सांध्याकडून मिळाली. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे १९६२ च्या सुमारास गुळगुळीत धातू, उच्च घनतेचे पॉलिएथिलीन व अक्रिलिक सिमेंट हे त्रिकूट यशस्वी करून दाखविले. त्यांच्याकडे काम केलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या तज्ञांनी तेच पदार्थ गुडघ्यासाठी वापरले आणि बिजागरीचा आस काढून टाकून धातूचे अर्धगोल पॉलिएथिलीनच्या खाचांवर ठेवले. फ्रीमन व स्वॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास लंडनमध्ये दोन्ही स्वस्तिक बंध काढून, हाडे चौरस कापून दोन्ही बाजूंना समान ताण देण्याची पद्धती मांडली. आजच्या शस्त्रक्रियेची बैठक तीच आहे.

न्यूयॉर्कमधील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत व अभियंता पीटर वॉकर यांनी सिद्ध केलेला ‘टोटल काँडिलर’ सांधा १९७४ मध्ये वापरात आला. आजचे बहुतेक सांधे त्याचे वंशज आहेत. रानावत हे मूळचे भारतीय. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्या गुडघ्याची जून २००१ मध्ये त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात केली. या दोन शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी गुडघा बदलता येतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोहोचली. कोणत्याही आरोग्यशिक्षणाच्या मोहिमेला तेवढे साधले नसते.

मागचा बंध ठेवावा की काढावा : टोटल काँडिलर सांध्यात मागचा स्वस्तिक बंध काढला जाई, पण त्याची जागा घेणारे काही नसल्याने ऊर्वस्थी मागे सरकत नसे व गुडघा ९० ते १०० अंशांपलीकडे क्वचितच वाके. यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग मागचा बंध राखण्याचा. या रचनेत पॉलिएथिलीनच्या तबकाला मागे खाच ठेवून बंधाला वाट दिलेली असते. हाड कमी कापावे लागते व बंधातील संवेदना टिकतात, असे या पक्षाचे म्हणणे आहे. दुसरा मार्ग इन्सॉल व बर्स्टीन यांनी १९७८ मध्ये दाखविला. तबकाच्या मध्यभागी पॉलिएथिलीनचा एक खुंट उभा केलेला असतो आणि ऊर्वस्थीवरील धातूच्या आवरणात आडवा दांडा असतो. गुडघा विशिष्ट अंशांपर्यंत वाकला, की दांडा खुंटाला टेकतो व ऊर्वस्थीला मागे रेटतो. नैसर्गिक बंधाचे काम अशा रीतीने यंत्राकडून करून घेतले जाते. या रचनेला पश्च-स्थिरित सांधा म्हणतात.

दोहोंची तुलना अनेक देशांत झाली आहे. वेदना, चालणे व समाधान या बाबतींत मोठा फरक आढळत नाही. वाकण्याच्या बाबतीत पश्च-स्थिरित सांधा काही अंशांनी सरस ठरतो. त्याची किंमतही आहे. दांड्याच्या आघाताने खुंट झिजतो, क्वचित मोडतो. जुन्या आकारांत वाटीच्या वरच्या कडेशी तंतुमय गाठ वाढून पाय सरळ करताना ‘खट्’ असा आवाज होण्याची तक्रारही आढळे. खाचेचा आकार सुधारल्यावर ती कमी झाली. आपल्याकडील उशिरा आलेल्या, बराच बाक असलेल्या गुडघ्यांत मागचा बंध आखडलेला व बऱ्याचदा खराब झालेला असतो. त्याला योग्य ताणात ठेवणे अवघड असल्याने भारतात पश्च-स्थिरित रचनेकडे कल आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो रास्त आहे. ज्या बंधाचा भरवसा नाही, तो राखण्यात अर्थ नसतो.

स्थिर व चल तबक : सांध्याच्या आकारातील मूलभूत पेच घरातील दोन वस्तूंवरून समजू शकेल. खलात बत्ता बसतो तेव्हा दोहोंचा स्पर्श विस्तृत जागी होतो. पाट्यावर वरवंटा एका रेषेपुरताच टेकतो. खल-बत्त्यासारखा खोलगट सांधा केल्यास भार विखुरतो व पॉलिएथिलीन कमी झिजते, पण वळण्याची मोकळीक जाऊन पिळवटण्याचा जोर हाड व सिमेंट यांच्या सीमेवर येतो. पाटा-वरवंट्यासारखा सपाट सांधा केल्यास हालचाल मोकळी होते, पण एका रेषेवर एकवटलेल्या प्रतिबलाने पॉलिएथिलीनचे कपचे निघतात. १९८० नंतरच्या काही सपाट व पातळ तबकांच्या सांध्यांचे हेच झाले. तबक निदान ८ मिमी. जाड असावे, हा दंडक त्यानंतर रूढ झाला.

या पेचातून सुटण्यासाठी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे ब्यूशेल व पॅपस यांनी १९७७ च्या सुमारास चल तबकाचा सांधा प्रचारात आणला. यात पॉलिएथिलीनचे तबक वरच्या बाजूने खोलगट असून त्याची खालची बाजू धातूच्या गुळगुळीत थाळीवर जात्याच्या वरच्या तळीसारखी फिरते. कल्पना अत्यंत सुबक आहे. प्रत्यक्ष लाभ मात्र सिद्ध झालेला नाही. ब्रिटनमधील दोन हजारांवर रुग्णांच्या दीर्घ तुलनात्मक अभ्यासात चल तबकामुळे रुग्णाला अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. बंधांचा ताण नीट साधला नसल्यास तबक निसटण्याचा धोका मात्र राहतो. म्हणून वर्षाकाठी मोजक्या शस्त्रक्रिया होणाऱ्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयात ही रचना वापरण्यात विशेष हशील नाही.

अर्धा सांधा : झीज केवळ आतल्या बाजूपुरती असल्यास तेवढीच बाजू बदलता येते. ऑक्सफर्ड येथे गुडफेलो व अभियंता ओकॉनर यांनी १९७६ पासून वापरलेला व १९८२ पासून एका बाजूपुरता मर्यादित केलेला सांधा या वर्गातील प्रसिद्ध नमुना होय. दोन्ही स्वस्तिक बंध टिकतात, छेद लहान असतो, रक्तस्राव व जंतुसंसर्ग कमी होतो आणि गुडघा अधिक स्वाभाविक वाटतो. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पाच वर्षांनंतर अर्ध्या व पूर्ण सांध्यांचे परिणाम सारखेच आढळले व अर्ध्या सांध्याचा खर्च कमी ठरला. परंतु पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण अर्ध्या सांध्यात अधिक असते. शिवाय ऑक्सफर्ड सांध्याचे सुटे तबक निसटण्याचे प्रकार खाली बसण्याची सवय असलेल्या आशियाई रुग्णांत जास्त नोंदले गेले आहेत. पुढचा बंध शाबूत, बाहेरची बाजू निरोगी व पायाचा बाक हाताने सरळ होण्याजोगा, अशा तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्याकडील रुग्ण चार-पाच वर्षे आधी आले, तर यांपैकी पुष्कळांना अर्ध्या सांध्यावर भागवता येईल.

बिजागरीचे सांधे पूर्णपणे बाद झालेले नाहीत. पार्श्वबंध नष्ट झालेल्या, हाडाच्या अर्बुदासाठी मोठा भाग कापलेल्या किंवा पूर्वीचा कृत्रिम सांधा फसलेल्या गुडघ्यांत त्यांची सुधारलेली, काहीशी वळू शकणारी रूपे वापरली जातात.

पदार्थ : ऊर्वस्थीवरील आवरण बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे असते. ती कठीण व उत्तम चकाकी घेणारी असते. टिटॅनियम मिश्रधातू लवचिक व हाडाशी जुळणारी असली, तरी तिच्यावर सहज चरे पडतात. म्हणून ती खालच्या थाळीसाठी वापरतात. झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे आवरण तापवून त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा काळा, चिनी मातीसारखा थर निर्माण करतात. त्यावर घर्षण कमी होते व त्यात निकेल जवळजवळ नसते. प्रयोगशाळेत हा पदार्थ सरस ठरतो, परंतु रुग्णाच्या शरीरात त्याचा टिकाऊपणा कोबाल्ट-क्रोमियमहून ठळकपणे अधिक असल्याचे दिसलेले नाही.

झिजण्याच्या दृष्टीने निर्णायक घटक पॉलिएथिलीन हा होय. पूर्वी ते हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करीत. त्यामुळे निर्माण झालेली क्रियाशील मूलके ऑक्सिजनशी संयोग पावून ते कालांतराने ठिसूळ होई. खोक्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेला सांधा बसविण्यापूर्वीच खराब झालेला असे. झिजेचे सूक्ष्म कण पेशी गिळतात व त्यातून हाड विरघळण्याची क्रिया (अस्थिविलयन) सुरू होते. निर्वात वेष्टन, रेणूंमध्ये अधिक आडबंध निर्माण करणारी प्रक्रिया आणि ई जीवनसत्त्वाचे मिश्रण यांमुळे हा दोष बराच कमी झाला आहे.

येथे एका उपेक्षित रचनेचा उल्लेख केला पाहिजे. खालच्या भागासाठी धातूची थाळी न वापरता संपूर्ण पॉलिएथिलीनचा एकसंध भाग सिमेंटने बसविता येतो. टोटल काँडिलरचा मूळ नमुना असाच होता. वयस्क रुग्णांत याचे परिणाम धातूच्या थाळीइतकेच चांगले असल्याचे अनेक तुलनांत आढळले आहे आणि तो लक्षणीय स्वस्त पडतो. शस्त्रक्रियेच्या शेवटी तबकाची जाडी बदलता येत नाही आणि जंतुसंसर्ग झाल्यास केवळ तबक बदलून धुण्याची सोय राहत नाही, हे त्याचे तोटे होत. तरीही सत्तरीच्या पुढच्या, बेताच्या परिस्थितीतील रुग्णासाठी तो प्रथम विचारात घेतला जावा. तसे होत नाही. नव्या नमुन्यांच्या जाहिरातीत स्वस्त वस्तूला स्थान नसते.

सिमेंट वापरावे की सच्छिद्र पृष्ठाच्या सांध्यात हाड वाढू द्यावे, याविषयी तरुण रुग्णांपुरता वाद आहे. वयस्कर, विरळ हाडांच्या रुग्णांत सिमेंटच वापरावे. वाटीच्या मागील पृष्ठावर पॉलिएथिलीनची चकती बसवावी की नाही, याबाबत देशोदेशींच्या चाली भिन्न आहेत.

भारतीय बैठक : धुळ्यासारख्या ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण विचारतो तो प्रश्न सांधा किती वर्षे टिकेल हा नसतो; ‘खाली बसता येईल का?’ हा असतो. चुलीपुढे भाकरी थापणे, पंगतीला बसणे, शौचास बसणे, शेतात उकिडवे बसून काम करणे ही सर्व कामे पाश्चात्त्य सांध्यांच्या हिशेबाबाहेरची होती. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढता येतील का, या दुसऱ्या नेहमीच्या प्रश्नाला मात्र सर्व रचनांत होकारार्थी उत्तर देता येते, कारण पायऱ्यांसाठी शंभर अंश पुरतात.

या गरजेतून दोन प्रकारचे प्रयत्न झाले. परदेशी उत्पादकांनी २००० च्या सुमारास ‘अधिक वाकणारे’ सांधे बाजारात आणले. त्यांत ऊर्वस्थीवरील आवरणाचा मागील भाग जाड व अधिक गोलाकार केलेला असतो. त्यासाठी हाडाचा सु. २ मिमी. जादा थर कापावा लागतो. दक्षिण कोरियात एकाच रुग्णाच्या एका गुडघ्यात नेहमीचा व दुसऱ्यात अधिक वाकणारा सांधा बसवून केलेल्या तुलनेत वाकण्यात उल्लेखनीय फरक दिसला नाही. त्याच देशातील दुसऱ्या एका अहवालात (२००७) अशा ७२ सांध्यांपैकी २७ सांध्यांचे वरचे आवरण तीन वर्षांच्या आतच सैल झाल्याचे आढळले व हे प्रमाण उकिडवे बसू शकणाऱ्या रुग्णांत अधिक होते. इतर मालिकांत इतके वाईट परिणाम दिसले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. तथापि सांधा खोल वाकू शकणे आणि खोल वाकण्याचा भार त्याने दीर्घकाळ सोसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे रचनेपेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता, यावर अधिक ठरते.

दुसरा प्रयत्न महाराष्ट्रातला आहे. पुणे येथील अस्थिव्यंगोपचार तज्ञ कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ नावाचा सांधा विकसित केला. भारतीयांचे, विशेषतः स्त्रियांचे, गुडघे पाश्चात्त्यांच्या मानाने लहान व रुंदीला कमी असतात; परदेशी संचातील सर्वांत लहान मापही कधीकधी हाडाच्या कडेबाहेर येते व तेथील मऊ ऊतक टोचून दुखते. मापांचा हा प्रश्न, अधिक वाकण्याची गरज आणि परवडणारी किंमत ही तिन्ही उद्दिष्टे या सांध्याच्या मुळाशी होती. पश्च-स्थिरित जातीचा हा सांधा पुण्यातच तयार होऊ लागला. संचेती यांना २०१२ मध्ये पद्मविभूषण हा किताब मिळाला. पुढे परदेशी उत्पादकांनीही अरुंद मापे काढली. देशी सांध्यांच्या बाबतीत उणीव आहे ती दीर्घ मुदतीच्या, उत्पादकाशी संबंध नसलेल्या नोंदींची.

किंमत : राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किंमती ठरवून दिल्या. त्यापूर्वी कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रु. होती, ती ५४,७२० रु. झाली, अधिक वाकणाऱ्या सांध्याची १,८१,७२८ रुपयांवरून ५६,४९० रु.; टिटॅनियम व ऑक्सिडित झिर्कोनियम यांच्या संचांची २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रु. (नव्या किंमती वस्तू व सेवा कर वगळून). ही मर्यादा पुढे मुदतवाढ देऊन चालू ठेवण्यात आली. रचनांच्या तुलनेच्या दृष्टीने हे आकडे उद्‌बोधक आहेत. ‘अधिक वाकणाऱ्या’ या विशेषणासाठी पूर्वी ग्राहकाकडून २३,४०४ रु. जादा घेतले जात; प्राधिकरणाने तो फरक १,७७० रुपयांवर आणला. वैद्यकीय पुरावा पाहता तो फरक तेवढाही असावा काय, असा प्रश्न विचारता येईल.

सांध्याची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. रुग्णालय, भूल, प्रतिजैविके व नंतरचे व्यायाम यांचा भार वेगळा. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या उपचारसूचीत गुडघ्याच्या सांधारोपणाचा समावेश आहे. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे व २०१८ मध्ये सुरू झालेल्या जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे अस्थिशल्यचिकित्सेचे शिक्षण खानदेशात होऊ लागले. योजनेच्या ठराविक रकमेत बसणारा सांधा निवडणे हा तेथील रोजचा प्रश्न असून वर वर्णन केलेली साधी, सिमेंटने बसवायची पश्च-स्थिरित रचना ही गरज भागवू शकते.

टिकाऊपणा : कृत्रिम सांध्यांची सर्वांत विश्वसनीय माहिती राष्ट्रीय नोंदवह्यांतून मिळते. स्वीडनने अशी नोंदवही १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये आणि इंग्लंड व वेल्स यांनी २००३ मध्ये सुरू केली. अशा नोंदींच्या २०१९ मधील एकत्रित अभ्यासानुसार पूर्ण सांध्यांपैकी सु. ८२ टक्के व अर्ध्या सांध्यांपैकी सु. ७० टक्के २५ वर्षे टिकतात. येथे ‘टिकणे’ म्हणजे तो पुन्हा बदलावा न लागणे, एवढाच अर्थ आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही म्हणून दुखरा गुडघा घेऊन घरी बसलेला रुग्णही या हिशेबात यशस्वी ठरतो. पाश्चात्त्य देशांत हा दोष किरकोळ असेल. शिरपूर वा साक्री तालुक्यातील रुग्णांच्या बाबतीत तो किरकोळ मानता येणार नाही.

सांधे फसण्याची कारणे पाहता रचनेचा वाटा अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. सैल होणे व जंतुसंसर्ग ही प्रमुख कारणे होत. खुबा, गुडघा व घोटा एका रेषेत आणणे, दोन्ही बाजूंच्या बंधांना समान ताण देणे आणि शस्त्रक्रियागृहाची निर्जंतुकता या गोष्टी कोणत्याही नमुन्यापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. संगणक व यंत्रमानव यांच्या साहाय्याने हाड अधिक अचूक कापले जाते, हे खरे. रुग्णाला त्याचा जाणवण्याजोगा लाभ होतो काय, हे निश्चित झालेले नाही. मधुमेह आटोक्यात आणणे, पायांच्या भेगा व दातांतील पू यांवर आधी उपचार करणे, ही बिनखर्चाची कामे होत. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत आढळणाऱ्या दात्रपेशी रक्तक्षयाच्या रुग्णांत हाडांचा रक्तपुरवठा खंडित होणे व जंतुसंसर्ग या दोन्हींचा धोका अधिक असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची ही तपासणी करणे आवश्यक असते.

नोंदींचा प्रश्न : प्रत्येक सांध्याच्या वेष्टनावर उत्पादक, नमुना, माप व गट-क्रमांक छापलेल्या चिठ्ठ्या असतात. त्यांतील एक रुग्णपत्रिकेत व एक रुग्णाजवळच्या कार्डावर चिकटवावयाची असते. खुब्याचे ‘एएसआर’ नावाचे धातूवर धातू घासणारे सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलाविण्यात आले, तेव्हा भारतात ते ज्यांच्या शरीरात होते, अशा बहुसंख्य रुग्णांचा मागच लागला नाही. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स या संस्थेने २००६ मध्ये देशातील नोंदवही सुरू केली, परंतु तीत माहिती देणे ऐच्छिक असून लहान शहरांतील रुग्णालये क्वचितच सहभागी होतात. २०१७ च्या किंमतविषयक आदेशानुसार रुग्णालयाने बिलात सांध्याची किंमत, उत्पादकाचे नाव व गट-क्रमांक स्वतंत्रपणे दाखविणे बंधनकारक आहे. ते बिल व ती चिठ्ठी घरच्या रेशनकार्डाबरोबर सांभाळून ठेवावी, कारण दहा-पंधरा वर्षांनी तबक बदलण्याची वेळ आली, तर नेमक्या त्याच नमुन्याचे तबक मागवावे लागते. ती माहिती नसल्यास चांगला बसलेला धातूचा भागही हाडातून काढावा लागतो.